आलो की आले?

परवा रात्री कॅनडाहून भाचीचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर जरा चाचरतच म्हणाली, "मावशी, तू मराठीची बाई, म्हणून तुलाच विचारते. आमची लेक म्हणते, मी पूर्ण मुलगी नाही. मुलगा तर नाहीच नाही. बाईपणाच्या जवळ आहे, पण बाई या शब्दात मावत नाही. नॉन-बायनरी म्हणतात म्हणे. इंग्रजीत सोपं आहे गं, पण घरी मराठी बोलताना मी काय म्हणू?"

मुलगी एकोणीस वर्षांची आहे. नातेवाइकांत हा विषय आधीच पोचलेला होता आणि "तिकडची फॅडं" असा निकालही लागला होता. मला मात्र प्रश्न व्याकरणाचा वाटला, आणि व्याकरणाच्या प्रश्नाला मी फॅड म्हणत नाही.

मराठीत तीन लिंगं आहेत हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. हिंदीत दोनच. आपल्याकडे मूल, लेकरू, पोर, पिल्लू ही सगळी मंडळी 'ते'. मूल रडलं, लेकरू झोपलं. म्हणजे माणसाची सुरुवात आपण नपुसकलिंगातच करतो आणि त्यात कोणाला काही कमी वाटत नाही. मालवणीत तर मुलगी ही 'ता चेडू', चांगली मोठी झाली तरी. तेव्हा तृतीय पुरुषात अडचण नाही, 'ते' आहेच. अडचण आहे ती 'मी'ची. मराठीत 'मी आलो' किंवा 'मी आले' म्हटल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही. इंग्रज माणूस स्वतःबद्दल बोलताना आपण बाई की बुवा हे सांगत नाही. आपल्याला दर वाक्यात सांगावं लागतं.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. माझं माहेर गडहिंग्लजकडचं. आमच्या कोल्हापूरच्या बायका सर्रास "मी येतो", "मी जेवलो" म्हणतात. लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा मीही तसंच बोलायची. पहिल्याच दिवशी "मी भांडी घासतो" म्हणाले आणि सासरची सगळी मंडळी पोट धरून हसली. सहा महिन्यांत माझं क्रियापद बदललं. आज मुद्दाम म्हटलं तरी 'मी येतो' तोंडात येत नाही. त्या हसण्याचा मला तेव्हा राग आला होता. पुढे मी तेच केलं, ते सांगेनच.

माहेरी मंगळवारी आणि शुक्रवारी जोगवा मागायला जोगते यायचे. सीमाभागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण इकडच्यांसाठी सांगते. बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा आहे. तीच रेणुका, जमदग्नींची पत्नी, परशुरामाची आई. मुलीच्या केसांत जट आली की देवीचं बोलावणं आलं असं समजत आणि तिला देवीला सोडत. ती जोगतीण. मुलालाही तसंच सोडत, तो जोगता. त्याच्या गळ्यात देवीची माळ पडली की अंगावर लुगडं-चोळी, हातात बांगड्या आणि कपाळाला भंडारा. डोक्यावर देवीचा जग, बरोबर चौंडकं आणि तुणतुणं. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला जमदग्नींच्या मरणाचं सुतक पाळायचं आणि बांगड्या फोडायच्या. पुढे देवी पुन्हा अहेव झाली की पुन्हा भरायच्या. म्हणजे पुरुषाच्या देहाने देवीचं सौभाग्य आणि वैधव्य दोन्ही दरसाल भोगायचं.

आमच्याकडे येणारा जोगता उंच होता, दाढीची निळसर खूण दिसायची आणि आवाज खर्जातला. माझी आजी सुपात पीठ घेऊन यायची आणि म्हणायची, "ये गं बाई, बस." तिला कधी थबकलेलं पाहिलं नाही. मी एकदा विचारलं, ही बाई आहे की बाप्या? आजी म्हणाली, "ती यल्लम्माची हाय." झालं उत्तर.

याचं सोनं करून सांगायला मात्र नको. आजी पीठ घालायची, पण ओसरीच्या आत त्याला कोणी घेत नसे. आणि कितीतरी मुलांना कोणी विचारलेलंच नव्हतं. जट आली, किंवा पोरगं जरा बायकी चालतं असं दिसलं, की घरच्यांनी देवीच्या नावाने वाटेला लावलं. कोणाला त्यात स्वतःचं घर सापडलं, कोणाचं आयुष्य त्यात गेलं. राजन गवसांच्या 'भंडारभोग' कादंबरीत ही दुसरी बाजू आहे. त्यांच्या कादंबऱ्यांवरून २००९ साली 'जोगवा' चित्रपट आला, त्यात उपेंद्र लिमयेंनी असाच लुगडं नेसवलेला तायप्पा केला. पाहिला नसेल तर पाहा. महाराष्ट्र सरकारने देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला तो २००५ मध्ये.

हिजड्यांची परंपरा जोगत्यांपेक्षा वेगळी. तिथे देवीला सोडलेला मुलगा नसून गुरू आणि चेले यांचं घराणं असतं. त्यांच्याबद्दल वाचताना मला एका गोष्टीचं फार आश्चर्य वाटलं. मराठेशाहीत दख्खनमधल्या हिजड्यांकडे सरकारी कागद होते! काहींना जमिनीचं इनाम, काहींना रोख नेमणूक, आणि ठरलेल्या गावांतून दारोदार मागण्याचा हक्क. जसा कुलकर्ण्याचा, जोशाचा, गुरवाचा हक्क, त्याच वहीत यांचाही. लोकांना ते आवडत होते की नाही हा प्रश्न वेगळा, पण राज्याच्या हिशेबात त्यांना ओळ होती.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि हे कागद कंपनी सरकारच्या साहेबांसमोर आले. साहेबाला कळेना, की मागण्याचा हक्क सरकारने कसा काय द्यावा. मुंबई सरकारने हळूहळू हात काढून घेतला. इनामांच्या चौकशीसाठी १८५२ चा अकरावा कायदा झाला. त्यात कायद्याच्या किंवा सार्वजनिक सभ्यतेच्या विरुद्ध असलेली इनामं चालू ठेवू नयेत असा नियम होता. सभ्यता कोणाची, ते ठरवणारा साहेबच. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्याचा एक संपूर्ण भाग हिजड्यांसाठी होता. तो वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाकडे, मुख्यतः राबवला गेला. नावं नोंदवायची, आणि नोंदलेला माणूस रस्त्यावर बायकी कपड्यांत दिसला तर वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. वतनाच्या वहीतून पोलिसांच्या वहीत नाव जायला पुरती वीस वर्षंही लागली नाहीत.

आपल्याकडे गंमत अशी, की पुढच्याच काही दशकांत अख्खा महाराष्ट्र एका पुरुषाच्या स्त्रीरूपावर लुब्ध झाला. बालगंधर्व १९११ मध्ये 'मानापमान'ची भामिनी झाले आणि घरंदाज बायका त्यांच्यासारखी नेसू लागल्या. माझ्या सासूबाई त्यांचं नाव काढलं की कानाला हात लावत. तमाशातल्या नाच्याने तेच केलं तर त्याच सासूबाई नाक मुरडत. बालगंधर्व पडद्याबाहेर संसारी पुरुष होते हे खरं, पण बहुतेक नाचेही तसेच संसारी होते. फरक तिकिटाच्या दराचा होता असं माझं मत आहे. कोणाला पटणार नाही, असो.

आता ठाण्याकडे येते. लक्ष्मीनारायण त्रिपाठी आपल्या ठाण्याची. जन्म १९७८ चा, घर उत्तर भारतीय ब्राह्मणाचं, शाळा ठाण्यातली. २००७ मध्ये तिने ठाण्यात 'अस्तित्व' ही संस्था काढली. 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे तिचं आत्मकथन वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलं आणि ते आधी मराठीत आलं, २०१२ साली. मी ते एका बैठकीत वाचलं. हिजडा झाल्यावरही आईवडिलांनी तिला घराबाहेर काढलं नाही. माझ्या लेखी त्या पुस्तकातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. सर्वोच्च न्यायालयात नालसाचा खटला चालला त्यात ती होती, आणि १५ एप्रिल २०१४ ला न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांनी निकाल दिला, की आपलं लिंग काय हे माणसाने स्वतः सांगायचं, पुरुष, स्त्री किंवा तृतीय. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशात ४,८७,८०३ माणसं होती, महाराष्ट्रात ४०,८९१. खरा आकडा याहून मोठाच असणार, कारण माहिती सांगणारा बहुधा घरातला कर्ता पुरुष.

सगळ्यांना तिसरा रकाना हवा असतो असंही नाही. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेसाठी ग्रामपंचायतीचा अर्ज भरला, तो तृतीयपंथी म्हणून बाद झाला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. न्यायालयाने उभं राहू दिलं आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडूनही आल्या. कोणी म्हणतं मी बाईच, कोणी म्हणतं मी बाईजवळची पण वेगळी. सामोआ बेटांवर 'फाफाफिने' म्हणतात, त्याचा अर्थच 'बाईच्या रीतीची'. आमचं भाचीचं लेकरू काही पहिलं नाही.

आता ते राहिलेलं सांगते.

साधारण १९८५-८६ ची गोष्ट. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, अक्षर मोत्यासारखं. सहलीवरचा निबंध लिहायला दिला तर त्याने लिहिलं, "मी सकाळी लवकर उठले." पुढे "मी निघाले", "मी दमले". मी प्रत्येक क्रियापदाखाली लाल रेघ ओढली, वर 'लो' लिहिलं, आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. पोरं हसली. सासरी हसले होते तशीच. मला वाटलं, आता चूक परत करणार नाही. आणि खरंच केली नाही.

भाचीला फोनवर सांगत होते, की अगं, मराठीत पळवाटाही आहेत. 'मी येईन' म्हण, त्यात लिंग नाही. कर्मणी प्रयोग वापर, 'मी आंबा खाल्ला' यात क्रियापद आंब्याकडे बघतं, खाणाऱ्याकडे नाही. 'मला भूक लागली', 'मला जावं लागलं', 'आम्ही गेलो' यांतलं काहीही चालेल. बोलता बोलता मी थांबले. फोन ठेवून कपाट उघडलं. शाळेच्या हस्तलिखिताचा एक जुना अंक माझ्याकडे राहिला आहे. त्यात त्या मुलाचा निबंध आहे, त्याच वर्षीचा, लाल शाईनंतरचा. विषय मलंगगडाची जत्रा. आपल्या कल्याणजवळचा हाजीमलंग, माघी पौर्णिमेला उरूस भरतो तो. हिंदू-मुसलमान दोघंही जातात, आणि हिजडे लांबलांबून येतात.

चार पानी निबंध आहे. "पायऱ्या चढताना मला धाप लागली." "मी वरून सारे कल्याण पाहिले." "आम्ही प्रसाद घेतला." "मला परत यावेसे वाटेना." चष्मा पुसून दोनदा वाचला. अख्ख्या चार पानांत 'मी'पुढे एकही 'लो' नाही आणि एकही 'ले' नाही, जिथे लिंग कळेल असं. बारा वर्षांच्या पोराने ही वाट शोधली होती, आणि मी त्याला दहापैकी आठ गुण देऊन 'भाषा सुधारली' असा शेरा मारला होता.

आठवीनंतर तो शाळेत दिसला नाही. बरीच वर्षं गेली. निवृत्त व्हायच्या सुमारास मी कल्याणहून लोकलच्या बायकांच्या डब्यात चढले होते. टाळी वाजली, साडीतली एक उंच व्यक्ती समोर आली आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "बाई, मला मराठी तुम्ही शिकवलंत." मी ओळखलं. अक्षर आठवलं, नावही आठवलं, पण ते नाव घ्यावं की नाही हे कळेना. मी पर्समध्ये सुटे पैसे शोधू लागले. तिने माझा हात धरून पर्स बंद केली, डोक्यावरून हात फिरवला आणि ठाकुर्लीला उतरून गेली. तेव्हाही, आता लक्षात येतं, "मला शिकवलंत" असंच म्हणाली होती.

भाचीला दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. म्हटलं, 'ते' म्हण, लेकरूच आहे तुझं. आणि स्वतःबद्दल ते 'आलो' म्हणो की 'आले', मध्ये दुरुस्ती करू नकोस. ते हस्तलिखित टेबलावर काढून ठेवलं आहे. त्या वर्गातलं कोणी हे वाचत असेल आणि ती कुठे असते हे माहीत असेल, तर मला कळवा. माझा दहापैकी आठचा शेरा बदलायचा आहे.