सुईविना गुंगी : बालरुग्णांच्या भयाचा इतिहास

शस्त्रक्रियेपूर्वी भेदरलेल्या बालकाला शांत करणारे औषध सुईनेच द्यायचे, तर औषधच भयाचे कारण ठरते. भूलशास्त्राने हा पेच दीर्घकाळ गौण मानला. मूल रडणारच, अशीच समजूत होती.

१९४५ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड लेव्ही यांनी शस्त्रक्रियेनंतर मुलांच्या मनावर उरणाऱ्या आघाताची नोंद केली आणि त्याची सांगड रणांगणावरील सैनिकांच्या मनोविकाराशी घातली. मुलाचे भय हा तेव्हापासून वैद्यकीय अभ्यासाचा विषय झाला.

उपाय मात्र सावकाश सापडले. १९७० च्या दशकात मिडाझोलाम हे औषध तयार झाले. ते तोंडाने देता येते. पण चव कडू असल्याने मूल थुंकून टाकते आणि पोटात गेलेल्या औषधाचा बराच भाग यकृतातच निकामी होतो. १९८८ मध्ये ते शाळापूर्व वयाच्या मुलांना नाकावाटे दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नाकाच्या अस्तरातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून औषध थेट रक्तात जाते, यकृताचा पहिला अडसर टळतो. तथापि द्रावण आम्लधर्मी असल्याने नाक चुरचुरते. सुई टळली, रडणे टळले नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेत फेंटानिलयुक्त चोखगोळीला मान्यता मिळाली. मुलांना ती रुचली. परंतु उलटी, खाज आणि श्वास मंदावण्याचा धोका यांमुळे तिचे कौतुक ओसरले. पुढे २००८ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी नाकावाटे डेक्समेडेटोमिडीन देऊन पाहिले. ते झोंबत नाही, नैसर्गिक निद्रेसारखी गुंगी आणते, श्वासावर फारसा परिणाम करत नाही. मात्र परिणामास अधिक वेळ लागतो आणि हृदयाची गती मंदावते. भारतीय वैद्यकीय महाविद्यालयांतही या औषधांचे तौलनिक अभ्यास झाले आहेत.

आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस अभियांत्रिकी विभागाने याच प्रश्नाला वेगळी दिशा दिली. तेथील ‘शॉक सिरिंज’ दाबाखालील नायट्रोजनच्या साहाय्याने औषधाची सूक्ष्म धार अतिवेगाने त्वचेतून आत सोडते. उंदरांवरील चाचणीत भुलीचे औषध सुईइतकेच परिणामकारक ठरले. बालकांपर्यंतचा पल्ला अद्याप बाकी आहे.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे : मार्ग बदलल्याने औषध सौम्य होत नाही. फवारा असो वा गोळी, गुंगीतील बालकाच्या श्वासावर आणि नाडीवर जागती नजर हवीच.