सूत, काठ आणि शून्य : मिलिंग मशीनवर जॉबचा काठ कसा सापडतो?

#थ्रेड #इतिहास #यंत्रांचा_इतिहास

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत 'काठ' म्हटले की साडीचा किंवा चादरीचा काठ आठवतो. 'सूत' म्हटले की मागावरचा धागा. परंतु याच शहरातल्या सुताराला, गवंड्याला किंवा फिटरला विचारले, तर सूत हे लांबीचे माप आहे : इंचाचा आठवा भाग. 'दोन सूत कमी कर' म्हणजे पाव इंच कमी कर. 'सुतार' हा शब्दही 'सूत्रधार' या संस्कृत शब्दावरून आला. मोजणीची दोरी हाती धरणारा तो सूत्रधार. एकाच गावात एकच शब्द कापडात गुंफला जातो आणि लोखंडावर मापही घेतो.

मिलिंग मशीनवर काम करणाऱ्या कारागिरासमोर रोज एक प्रश्न उभा असतो, आणि त्याचा इतिहास आश्चर्य वाटावे इतका मोठा आहे. टेबलावर बांधलेल्या लोखंडी ठोकळ्याचा काठ नेमका कुठे आहे?

प्रश्न बाळबोध वाटतो. काठ तर डोळ्यांना दिसतो! पण नकाशा सांगतो की डाव्या काठापासून ४० मिलिमीटरवर आणि पुढच्या काठापासून २५ मिलिमीटरवर भोक पाडायचे आहे. यंत्राला मात्र ठोकळा दिसत नाही. त्याला ठाऊक असते ते एवढेच की हँडल किती फिरले आणि टेबल किती सरकले. म्हणजे यंत्राची मोजणी आणि ठोकळ्याचा काठ या दोन गोष्टी कुठेतरी एकमेकींना भेटवाव्या लागतात. त्या भेटीच्या जागेला शून्य म्हणतात. शून्य चुकले की पुढचे प्रत्येक माप तेवढ्याच अंतराने चुकते, आणि काम कितीही निगुतीने केले तरी ठोकळा भंगारात जातो.

ही भेट घडवणारे आजचे साधे साधन म्हणजे एज फाइंडर. बोटभर लांबीचा पोलादी दंडगोल, दोन तुकड्यांचा, आत स्प्रिंग. वरचा तुकडा स्पिंडलमध्ये पकडायचा, खालचे टोक जरासे बाजूला ढकलायचे आणि स्पिंडल मिनिटाला हजारेक फेऱ्यांच्या आत-बाहेर फिरवायचे. टोक थरथरत फिरू लागते. आता टेबल हळूहळू सरकवून ठोकळ्याचा काठ त्या टोकाला भिडवायचा. थरथर कमी कमी होत जाते. एक क्षण असा येतो की टोक जणू स्थिर आहे असे भासते, आणि त्यानंतर केसभर अंतर पुढे जाताच ते फटकन एका बाजूला घसरते. ती घसरण म्हणजेच खूण. टोकाचा व्यास १० मिलिमीटर असेल, तर त्या क्षणी स्पिंडलचा मध्य काठाच्या बरोबर ५ मिलिमीटर बाहेर असतो. चांगल्या साधनाने आणि सवयीच्या हाताने ही खूण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास पुन्हा पुन्हा तीच मिळते.

आता हिशेब. भोक काठापासून ४० मिलिमीटर आत हवे, तर टेबल ४५ मिलिमीटर सरकवायचे. ते ५ मिलिमीटर विसरले, तर भोक ३५ वर पडते. जगभरच्या शिकाऊ कारागिरांनी ही चूक केली आहे आणि पुढेही करतील.

दुसरा सापळा आट्यांचा. टेबल सरकवणारा स्क्रू आणि त्याची नट यांच्यात झिजेमुळे फट पडते. दिशा बदलली की हँडल फिरते पण टेबल काही काळ जागचे हलत नाही. यालाच बॅकलॅश म्हणतात. म्हणून अनुभवी माणूस काठाला ज्या दिशेने भिडतो, त्याच दिशेने पुढची सारी मापे घेतो. माप ओलांडले गेले, तर तेवढेच मागे न येता बरेच मागे जातो आणि पुन्हा त्याच बाजूने येतो. तिसरा शत्रू सर्वांत क्षुल्लक : काठावर राहिलेली बारीक बर किंवा चिकटलेली लोखंडाची चूर. कानसीचा एक हात फिरवला नाही, तर एज फाइंडर काठाऐवजी त्या बरीला भिडतो.

एज फाइंडर नसेल तेव्हा? तेव्हा कागद. तेलाने भिजवलेला पातळ कागदाचा तुकडा काठावर चिकटवायचा आणि फिरता कटर अगदी सावकाश जवळ आणायचा. कटरने कागद ओढून नेला की काठ आला. मग कटरची त्रिज्या आणि कागदाची जाडी हिशेबात धरायची. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटरचा, सिगारेटचा त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. म्हणून जगभर या कामी सिगारेटचा कागद प्रिय. (सोलापूर विड्यांचे शहर असले तरी विडी येथे उपयोगाची नाही. ती तेंदूच्या पानात वळतात.)

स्पर्शाने माप घेण्याची ही युक्ती यंत्रयुगाच्या उगमापाशीच सापडते. १८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनात जोसेफ व्हिटवर्थ यांनी एक मोजयंत्र मांडले. इंचाचा दशलक्षांश भाग दाखवण्याचा त्याचा दावा होता. त्यात माप घ्यायच्या वस्तूच्या टोकाशी एक छोटी पातळ पट्टी असे. स्क्रू नेमका आवळला गेला की ती पट्टी घर्षणाने अधांतरी अडकून राही. स्क्रू यत्किंचित सैल केला की ती खाली पडे. डोळ्याने रेघ वाचण्यापेक्षा स्पर्श अधिक विश्वासू, हे व्हिटवर्थ यांचे प्रतिपादन. कागद ओढला जाणे, टोक घसरणे आणि पट्टी पडणे ही तिन्ही एकाच कुळातली आहेत : भिडले की नाही, याचे निःसंदिग्ध उत्तर.

मिलिंग मशीनचे जनकत्व दीर्घकाळ अमेरिकेच्या एली व्हिटनी यांच्याकडे, १८१८ च्या सुमारास, दिले जाई. नंतरच्या संशोधकांनी ते श्रेय मोडीत काढले. न्यू इंग्लंडमधील बंदुकांच्या कारखान्यांत अनेक कारागिरांच्या हातांखाली हे यंत्र हळूहळू घडले, हेच अधिक सयुक्तिक दिसते. आजच्या यंत्राच्या जवळ जाणारे रूप मात्र निश्चित सांगता येते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात बंदुकांच्या सुट्या भागांत भोके पाडण्यासाठी पिळाचे ड्रिल लागत आणि त्यांचे पीळ कामगार हाताने कानसून काढत. हे कष्ट टाळण्यासाठी प्रॉव्हिडन्स येथील जोसेफ ब्राऊन यांनी १८६१-६२ मध्ये सार्वत्रिक मिलिंग मशीन घडवले. त्याच ब्राऊन अँड शार्प कंपनीच्या भागीदारांनी १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रान्सच्या पामर यांचा स्क्रू मायक्रोमीटर पाहिला आणि तो सुधारून बाजारात आणला. कापणारे यंत्र आणि मोजणारे साधन एकाच घरातून निघाले, हा योगायोग मानणे कठीण आहे.

तिसरे नाव स्वीडनचे कार्ल एडवर्ड योहान्सन. एस्किल्स्टूनाच्या बंदूक कारखान्यातील हा कारागीर १८९६ मध्ये जर्मनीतील माउझर कारखाना पाहून परतत होता. प्रत्येक मापासाठी वेगळा गेज ठेवण्याचा खर्च पाहून त्याला सुचले की निवडक मापांचे थोडे ठोकळे एकमेकांना जोडले, तर हजारो मापे तयार होतील. त्याच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून सुमारे २०,००० मापे जुळवता येत. घरच्या शिवणयंत्राला घासाईचे चाक बसवून त्याने ठोकळ्यांची अखेरची घासाई केली. कापडाचे यंत्र पोलादाच्या अचूकतेच्या कामी आले, हे सोलापूरकर वाचकाला विशेष रुचावे.

आता सोलापूर. रेल्वे येथे १८६० मध्ये पोहोचली. १८७० च्या दशकात पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेलेली कापड गिरणी उभी राहिली, मागोमाग नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी. शहराच्या इतिहासात साचे, माग, संप आणि १९३० चा मार्शल लॉ यांवर पुष्कळ लिहिले गेले. लिहिले गेले पाहिजेच. पण विलायतेहून आलेल्या यंत्राचा एखादा भाग तुटला की नवा जहाजाने येईपर्यंत साचा बंद ठेवणे परवडण्यासारखे नव्हते. भाग इथेच घडवावा लागे. विणकर आणि जॉबर इतिहासात आले. फिटर आणि टर्नर बहुधा हजेरीपटातच राहिले.

जिल्ह्यातच दुसरे उदाहरण आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिचा गेज दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. हे अंतर रुळांच्या मध्यापासून मोजत नाहीत. एका रुळाच्या आतल्या काठापासून दुसऱ्या रुळाच्या आतल्या काठापर्यंत मोजतात, कारण चाकाची कड तिथेच भिडते. काम ज्या पृष्ठभागावर होते, मापही तिथूनच. या रेल्वेची कार्यशाळा कुर्डुवाडीला होती, आणि मीटर-इंचांची ही शिस्त जिल्ह्यातल्या कित्येक हातांनी तिथे आत्मसात केली असणार.

यंत्रे वापरण्याकडून ती घडवण्याकडे झालेला प्रवासही महाराष्ट्रात ठळक दिसतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, रंगांधळेपणामुळे रंग सुटले आणि हाती यांत्रिक रेखन आले. पुढे त्यांनी मुंबईच्या व्ही. जे. टी. आय. मध्ये तेच शिकवले. यांत्रिक रेखनात रंग नसतो. असतात त्या रेषा, आणि प्रत्येक माप कुठून घ्यायचे याचा निर्णय. १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा आसपासच्या खेड्यांतल्या माणसांना ते निर्णय वाचायला शिकवणे हाच खरा उद्योग होता. त्यांच्या लोखंडी नांगरावर शेतकरी प्रथम विश्वास ठेवीनात. लोखंडाने जमीन नासेल अशी भीती होती. १९४१ मध्ये हरिहर येथे मैसूर किर्लोस्कर कंपनी लेथ बनवू लागली.

सोलापुरातच १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची पायाभरणी केली. विमानाच्या कामात काठ आणि शून्य यांना क्षमा नसते. एका भागाची भोके दुसऱ्याच्या भोकांशी जुळलीच पाहिजेत. वालचंदांच्या चरित्रात भांडवल, परवाने आणि सरकारशी झगडे यांना मोठी जागा मिळते. ती भोके जुळवणाऱ्यांना मिळत नाही. ही तक्रार एकट्या वालचंदांच्या चरित्रापुरती नाही. उद्योगेतिहास मालकाच्या खोलीतून लिहिला गेला, कारण कागद त्या खोलीत होते.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक गुंता आला. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. पण कारखान्यातली जुनी यंत्रे इंचाचीच होती. डायलचा एक भाग इंचाचा हजारावा, म्हणजे २५.४ मायक्रॉन; नकाशा मात्र मिलिमीटरचा. म्हणून एका पिढीच्या कारागिरांनी सूत, थाउ आणि मिलिमीटर ही तिन्ही मापे डोक्यात एकत्र वागवली. सूत आजही गेलेले नाही.

सोलापूरसाठी उष्णतेचा मुद्दा वेगळा काढावा लागतो. लांबीच्या मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. सोलापूरच्या मे महिन्यात पारा सहज ४० च्या वर जातो. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते. म्हणजे १०० मिलिमीटरचा ठोकळा ४२ अंशांवर सुमारे २५ मायक्रॉन लांब असतो. मोजपट्टीही पोलादी आणि तितकीच तापलेली असेल, तर दोघांची वाढ एकमेकींना फेडते. पण ठोकळा ॲल्युमिनियमचा असेल, तर तो जवळपास दुप्पट वाढतो आणि हिशेब फिसकटतो. कापणीने नुकताच तापलेला जॉब थंड होईपर्यंत अखेरचे माप घेऊ नये, हा दंडक येथूनच आला.

काठ शोधण्याच्या कथेतले शेवटचे मोठे वळण १९७२ चे. कॉन्कॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनातील बारीक इंधननळ्या मोजताना त्या वाकत. रोल्स-रॉइसमधील डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी त्यासाठी असा प्रोब घडवला, की त्याचे टोक अत्यंत हलक्या स्पर्शाने कललेले चालते. आतल्या तीन दांड्या गोळ्यांच्या जोड्यांवर टेकलेल्या. सहा स्पर्शबिंदूंतून वीज वाहते. टोक भिडले की एक स्पर्श तुटतो आणि यंत्र त्याच क्षणी आपली जागा टिपते. पुढच्याच वर्षी रेनिशॉ ही कंपनी निघाली. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातील सीएनसी यंत्रांवर असे प्रोब आता नेहमीचे आहेत : प्रोब काठाला शिवतो, नियंत्रक शून्य लिहून घेतो, टोकाच्या त्रिज्येचे ५ मिलिमीटर कुणी विसरत नाही.

तरी त्या प्रोबचे स्वतःचे टोक मध्यावर आहे की नाही, हे तपासावे लागतेच. अचूक व्यासाच्या कड्यात किंवा गोळ्यावर त्याला वेगवेगळ्या बाजूंनी भिडवून ते पाहतात. जॉबवर बर राहिली असेल, तर लाखो रुपयांचे यंत्रही त्या बरीलाच काठ समजते. म्हणून सीएनसीसमोर उभा असलेला माणूसही व्हाइसमध्ये जॉब आवळण्यापूर्वी काठावरून अंगठा फिरवतो, आणि खरखर लागली की कानस उचलतो.