मुंबईतील हिंदू-मुस्लिम दंगल (1893)

ब्रिटिश अमदानीत मुंबई शहरात हिंदू व मुसलमान यांच्यात झालेली पहिली मोठी दंगल. 1851 व 1874 चे दंगे पारशी आणि मुसलमानांमधले होते.

तिची पाळेमुळे मुंबईबाहेर होती. दयानंद सरस्वतींनी 1880 च्या सुमारास गोरक्षणाची चळवळ उभी केली. गाय हा कायद्याच्या दृष्टीने ‘पवित्र वस्तू’ ठरत नाही, असा निवाडा अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने 1888 साली दिल्यावर तिला धार चढली. जून 1893 मध्ये बकरी ईदला आझमगढ जिल्ह्यात दंगे उसळले. त्यापाठोपाठ मोहरमच्या दिवसांत काठेवाडातल्या जुनागढ संस्थानातील प्रभासपाटण येथे रक्तपात झाला. ती बातमी गुजराती व्यापाऱ्यांच्या आणि मुसलमानांच्या मुंबईत पोचायला वेळ लागला नाही. दोन्हीकडे सभा भरल्या, वर्गण्या गोळा झाल्या.

11 ऑगस्टला शुक्रवार होता. दुपारचा नमाज आटोपून जुम्मा मशिदीतून बाहेर पडलेला जमाव जवळच्या हनुमान गल्लीतील मारुतीच्या देवळाकडे वळला. पोलिसांनी तो अडवला, तेव्हा दंगल आजूबाजूच्या वस्त्यांत पसरली. दुसऱ्या दिवशी गिरणगावातले हिंदू कामगार रस्त्यावर उतरले. देवळे व मशिदी दोन्हींची नासधूस झाली. लष्कर बोलवावे लागले. सुमारे 75 माणसे मेली, दीड हजारांच्या आसपास पकडली गेली. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी या काळात सलोख्यासाठी खटपट केली.

दंगलीचे खापर पोलिसांनी गोरक्षण सभांवर फोडले. सरकार मुसलमानांना झुकते माप देते, असा आरोप टिळकांनी ‘केसरी’तून केला. पुण्यात हिंदूंची वेगळी निषेध सभा भरवण्यास न्या. रानडे यांचा विरोध होता. तोवर पुण्यात मोहरममध्ये हिंदू ताबुतांपुढे नाचत, नवस बोलत, डोल्यांना खांदा देत. 1894 साली त्यांनी मोहरमवर बहिष्कार घातला, आणि त्याच वर्षी सार्वजनिक गणेशोत्सव मेळ्यांसह जोमाने वाढला. मशिदीसमोरून मेळा वाजतगाजत नेण्यावरून दारूवाला पुलापाशी लगेच दंगा झाला.

या साऱ्याचे मूळ ‘फोडा आणि झोडा’ एवढ्यात सांगणे अपुरे आहे. धार्मिक बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन राणीच्या 1858 च्या जाहीरनाम्यात होते, पण मिरवणुकीचा परवाना, वाद्यांची वेळ, कत्तलीची जागा हे सारे मॅजिस्ट्रेट ठरवी, आणि ठरवताना पूर्वापार वहिवाट काय, एवढेच विचारी. त्यामुळे शेजाऱ्यांच्या आपसातल्या समजुतीची जागा पुराव्याने सिद्ध करायच्या हक्काने घेतली; आज हट्टाने काढलेली मिरवणूक उद्याची वहिवाट ठरू शकत होती. तार, रेल्वे आणि वर्तमानपत्रांमुळे काठेवाडातले भांडण चार दिवसांत मुंबईचे होई. तरीही हात उगारणारे इथलेच होते, आणि ती जबाबदारी सरकारवर ढकलता येत नाही.

पुढे हिंदू-मुसलमान प्रश्न रस्त्यावरून राजकारणातही आला. 1909 च्या राजकीय सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. 1916 च्या लखनौ करारात काँग्रेसने ते मान्य केले. त्या कराराच्या शिल्पकारांत टिळक होते.