पोशाखाचा गुन्हा

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ अशी म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडीं आहे. माणसाचें मोल त्याच्या वस्त्रांवरून ठरतें, ही तक्रार नवी नाहीं. परंतु वस्त्रांवरून केवळ मोलच नव्हे, तर गुन्हाहि ठरूं लागतो, आणि तो ठरविणारे लोक स्वतः सरकारी गणवेशांत असतात, तेव्हां प्रश्न शिष्टाचाराचा न राहतां न्यायाचा होतो. इ. स. १९४३ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरीं असाच प्रसंग ओढवला. इतिहासांत तो ‘झूट सूट दंगल’ या नांवानें ओळखला जातो. एका दंगलीला पोशाखाचें नांव मिळावें हें विलक्षण खरें. परंतु त्या नांवाआड खरें कारण कसें झांकलें गेलें, हें पाहणें अधिक बोधप्रद आहे.

लॉस एंजेलिस हें नांवच मुळीं स्पॅनिश. १७८१ सालीं स्पेनच्या अमलाखालीं हें गांव वसलें. पुढें तें स्वतंत्र मेक्सिकोचें झालें. आणि १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहानें कॅलिफोर्नियाबरोबर तें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे गेलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मेक्सिकोंत क्रांतीची धामधूम चालू असतां हजारों कुटुंबें पोटासाठीं उत्तरेकडे आलीं. शेतांत, रेल्वेवर व कारखान्यांत त्यांच्या श्रमाला मागणी होती. परंतु शेजारीं म्हणून ते कोणाला नको होते. १९२९ नंतरच्या मंदींत तर लाखों मेक्सिकन लोकांची सीमेपलीकडे पाठवणी झाली, व त्यांत अमेरिकेंतच जन्मलेलीं मुलेंहि पुष्कळ होतीं. १९४२ च्या फेब्रुवारींत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशानें पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० लोकांना घरेंदारें सोडून छावण्यांत जावें लागलें. लढाईच्या दिवसांत संशयाला कोणी तरी लागतोच. जपानी दृष्टीआड झाल्यावर संशयाची दृष्टि मेक्सिकन तरुणांकडे वळली.

या तरुणांत त्या वेळीं एका नव्या पोशाखाचें वेड शिरलें होतें. गुडघ्यापर्यंत पोंचणारा लांब कोट, त्याच्या खांद्यांत भरपूर भर. छातीपर्यंत चढविलेली, मांड्यांशीं ऐसपैस व घोट्याशीं चिंचोळी झालेली विजार. कमरेपासून खालीं लोंबणारी घड्याळाची लांब सांखळी. रुंद कांठाची टोपी आणि मागें बदकाच्या शेपटीसारखे वळविलेले केंस, असा तो थाट असे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील निग्रो गायक-वादकांच्या व नाचघरांच्या जगांतून हा पोशाख देशभर पसरला. मेक्सिकन वस्तींत तो घालणाऱ्या तरुणांना ‘पाचुको’ म्हणत. कांहीं मुलीहि आंखूड घागरे, लांब कोट व उंच केशरचना करून या थाटांत सामील झाल्या होत्या. दिवसभर हलकें काम करणारा आणि गोऱ्यांच्या उपाहारगृहांत प्रवेश न मिळणारा मुलगा संध्याकाळीं हा कोट चढवून बाहेर पडला, कीं निदान रस्त्यावर तरी त्याची दखल घेतल्यावांचून कोणाला राहवत नसे. त्या पोशाखाचें मर्म हेंच होतें. खुद्द मेक्सिकन आईबापांनाहि तो आवडत नसे. स्पॅनिश वर्तमानपत्रेंहि त्याला नांवें ठेवीत. हें लक्षांत ठेवणें जरूर आहे. कारण पुढें जें घडलें त्याचा निवाडा त्या कोटाच्या सौंदर्यावर अवलंबून नाहीं.

१९४२ च्या मार्च महिन्यांत युद्धोत्पादन मंडळानें पुरुषांच्या कपड्यांत लोंकर किती वापरावी यावर निर्बंध घातले. लढाईसाठीं लोंकर वांचविणें अवश्य होतें, यांत शंका नाहीं. परंतु निर्बंध कपडे बनविण्यावर होता. अंगांत घालण्यावर नव्हता. तरीहि, सैनिक रणांगणावर मरत असतां ही पोरें देशाची लोंकर अंगावर उधळतात, अशी ओरड सुरू झाली. त्याच काळांत मेक्सिकन वंशाचे लाखों तरुण अमेरिकेच्या सैन्यांत लढत होते, ही गोष्ट ओरड करणारांच्या ध्यानांत आली नाहीं.

अशा वातावरणांत १९४२ च्या ऑगस्टच्या प्रारंभीं ‘स्लीपी लगून’ या जलाशयाजवळ होझे दियाझ नांवाचा तरुण जखमी होऊन पडलेला आढळला व पुढें मरण पावला. त्या रात्रीं जवळच तरुणांच्या दोन गटांत मारामारी झाली होती. पोलिसांनीं तपासाच्या नांवाखालीं साप साप म्हणून भुई धोपटण्यास आरंभ केला. मेक्सिकन वस्त्यांतून शेंकडों तरुणांची धरपकड झाली. शेवटीं २२ जणांवर एकत्र खटला उभा राहिला.

शेरिफच्या खात्यांतील एड. दुरान आयर्स या अधिकाऱ्यानें ग्रँड ज्यूरीपुढें एक अहवाल वाचला. मेक्सिकन लोकांत इंडियन रक्त आहे, नरबळी देणाऱ्या अॅझ्टेकांचा वारसा त्यांच्याकडे आला आहे, म्हणून रक्तपाताची ओढ त्यांना जन्मतःच असते, असा त्याचा मथितार्थ होता. त्या अहवालांत नोकरींत व सार्वजनिक ठिकाणीं मेक्सिकनांना मिळणाऱ्या भेदाच्या वागणुकीचीहि नोंद होती. परंतु अहवाल तेथें थांबला नाहीं. परिस्थितीनें बिघडलेला माणूस परिस्थिति सुधारून सुधारतां येतो. रक्तानेंच गुन्हेगार ठरविलेल्याला तुरुंगावांचून जागा उरत नाहीं. त्या वेळीं याच वंशसिद्धान्ताच्या युरोपांतील पुरस्कर्त्यांशीं अमेरिका लढत होती, हा विरोध कोणाला खटकला नाहीं.

खटला न्यायाधीश चार्ल्स फ्रिक यांच्यापुढें चालला. आरोपींना आपल्या वकिलांशेजारीं बसूं दिलें नाहीं. काम चालू असतां त्यांच्याशीं सल्लामसलतहि करतां येत नसे. त्याहून विचित्र गोष्ट अशी कीं, खटल्याच्या आरंभींच्या काळांत त्यांना केंस कापण्याची व कपडे बदलण्याची मनाई होती. मळलेल्या कपड्यांनीं व वाढलेल्या केंसांनीं तीं मुलें रोज ज्यूरीपुढें येत, आणि त्यांचें ध्यानच त्यांच्याविरुद्ध साक्ष देई. १९४३ च्या जानेवारींत १७ जण दोषी ठरले. तिघांना जन्मठेप झाली. त्यांच्याबरोबरच्या कांहीं मुलींची तर ज्यूरीपुढें चौकशी न होतांच सुधारगृहांत रवानगी झाली.

याच सुमारास वृत्तपत्रांत एक सूक्ष्म बदल घडला. मेक्सिको हें युद्धांत अमेरिकेचें मित्रराष्ट्र झालें होतें आणि तेथून शेतमजूरहि येऊं लागले होते. म्हणून गुन्ह्याच्या बातम्यांत ‘मेक्सिकन’ हा शब्द उठून दिसूं नये, असें सरकारी अधिकाऱ्यांनीं सुचविलें. कॅरी मॅकविल्यम्स या लेखकानें नोंदविलें आहे कीं, वृत्तपत्रांनीं सूचना मानली. पण त्या जागीं ‘झूट सूटवाले’ व ‘पाचुको’ हे शब्द घातले. वाचणारा अर्थ तोच घेई. जातीचें नांव गेलें, जातीचा डाग राहिला. आणि आतां तो कपड्यांवर पडल्यामुळें त्याला वर्णद्वेष म्हणण्याची सोय उरली नाहीं.

चावेझ रव्हीन या भागांत आरमाराची एक शिक्षणशाळा होती. देशाच्या दूरदूरच्या भागांतून आलेल्या तेथील तरुण खलाशांचे व आसपासच्या मेक्सिकन तरुणांचे अनेक महिने खटके उडत होते. आगळीक नेहमीं एकाच बाजूची असे, असें नाहीं. ३१ मे रोजीं एका चकमकींत एक खलाशी जबर जखमी झाला. ३ जूनच्या रात्रीं सुमारें ५० खलाशी दांडकीं घेऊन बाहेर पडले आणि झूट सूट दिसेल त्याला झोडपूं लागले. दुसऱ्या रात्रीं सुमारें २०० जण टॅक्सींचा तांडा भाड्यानें घेऊन मेक्सिकन वस्तींत शिरले. ७ जूनला हजारोंचा जमाव जमला. त्यांत सैनिक होते तसे नागरिकहि होते. चित्रपटगृहांतून व ट्रामगाड्यांतून तरुणांना ओढून काढलें, मारलें, त्यांचे कोट-विजारी फाडल्या व त्यांना उघडें करून रस्त्यावर टाकलें. मार खाणारांत निग्रो व फिलिपिनो होते, कोवळ्या वयाचीं मुलें होतीं, आणि कित्येकांच्या अंगावर झूट सूट नव्हताच. राग जर केवळ कोटावर होता, तर कोट नसलेल्यांचीं डोकीं कां फुटलीं, या प्रश्नाला कोणीं उत्तर दिलें नाहीं.

पोलिस काय करीत होते? सैनिकांना आवरणें हें लष्करी पोलिसांचें काम आहे, असें म्हणून ते बहुधा अंतर राखून जमावाच्या मागोमाग जात. आणि जमाव पुढें सरकला कीं जखमी होऊन पडलेल्या मेक्सिकन मुलांना पकडीत. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा प्रकार होता. मेक्सिकन तरुणांपैकीं ५०० हून अधिक पकडले गेले. पकडलेले खलाशी मात्र बोटांवर मोजण्याइतके. शहराच्या कांहीं वृत्तपत्रांनीं खलाशांनीं चांगला धडा शिकविला म्हणून समाधान मानलें. अखेर ८ जून रोजीं लष्करी अधिकाऱ्यांनीं आपल्या शिपायांना लॉस एंजेलिसमध्यें जाण्याची बंदी केली, आणि दंगल ओसरली. सैनिकांना दूर ठेवतांच शांतता झाली, यावरून अशांततेचें मूळ कोठें होतें हें सहज उमगतें. सुदैवानें कोणी मेलें नाहीं.

तरीहि नगरसभेनें दुसऱ्याच दिवशीं जो उपाय सुचविला तो झूट सूट घालणें हाच गुन्हा ठरविण्याचा! तो कायदा प्रत्यक्षांत आला नाहीं. पण मनोवृत्ति त्यांत स्वच्छ उमटली. महापौर बाउरन यांनीं वर्णद्वेषाचा संबंध नाकारला. गव्हर्नर अर्ल वॉरन यांनीं बिशप मॅकगुकन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिनें मात्र वर्णद्वेष हें कारण दुर्लक्षून चालणार नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. श्रीमती एलिनॉर रूझवेल्ट यांनीं हाच निष्कर्ष बोलून दाखवितांच तेथील एका प्रमुख पत्रानें त्यांच्यावर कम्युनिस्टांच्या सुरांत सूर मिळविल्याचा आरोप केला. याच वॉरन यांनीं जपान्यांना हलविण्याचा पूर्वीं पुरस्कार केला होता. आणि तेच पुढें सरन्यायाधीश होऊन १९५४ सालीं शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा निर्णय देते झाले. माणसाचें मत बदलूं शकतें, हा इतिहासांतील एक दिलासा आहे.

स्लीपी लगूनच्या आरोपींसाठीं मॅकविल्यम्स यांच्या नेतृत्वाखालीं बचाव समिति उभी राहिली. तिच्यासाठीं अॅलिस मॅकग्राथ या तरुण कार्यकर्तीनें अविश्रांत श्रम घेतले. १९४४ च्या ऑक्टोबरांत वरिष्ठ न्यायालयानें शिक्षा रद्द केल्या. पुरावा अपुरा होता, आणि वकिलाच्या साह्याचा आरोपींचा हक्क हिरावला गेला होता, असें त्या न्यायालयानें ठरविलें. मुलें सुटलीं; गेलेलीं दोन वर्षें परत मिळालीं नाहींत. १९४९ सालीं एडवर्ड रॉयबल हे मेक्सिकन वंशाचे गृहस्थ नगरसभेवर निवडून आले. परंतु १९५१ च्या नाताळांत पोलिसांनीं कोठडींत सात तरुणांना अमानुष मारहाण केली, आणि त्यांत पांच मेक्सिकन वंशाचे होते. पोलिसांच्या वृत्तींत पालट होण्यास किती काळ लागतो, हें यावरून दिसतें.

या साऱ्या हकीकतींतील दोन चित्रें शेजारीं ठेवण्यासारखीं आहेत. न्यायमंदिरांत त्या मुलांना तोच वेष अंगावर ठेवण्याची सक्ती झाली, आणि रस्त्यावर तोच वेष त्यांच्या अंगावरून ओरबाडला गेला. दोन्ही ठिकाणीं एकच गोष्ट नाकारली गेली: आपण कसें दिसावें हें ठरविण्याचा हक्क. पोशाख हें निमित्त होतें. तो नसता, तर केंस, भाषा, नांव किंवा कातडीचा रंग पुढें झाला असता.

वडील पिढीला तरुणांचा थाट आवडत नाहीं, हें सर्वत्रच आहे. नापसंती हा कोणाचाहि अधिकार आहे. घरांत रागें भरावें, समजूत घालावी, क्वचित् हंसावेंहि. परंतु नापसंतीच्या हातीं दंडुका आला कीं ती जुलूम होते. आपल्यासारखा दिसणाऱ्याचें स्वातंत्र्य जपण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. जो डोळ्यांना खुपतो, त्याच्या अंगावरील कोट सुरक्षित आहे काय, हें विचारावें. शहरांतील कायदा कितपत खरा आहे, तें त्या उत्तरावरून कळतें.