न पाहिलेला उतारा : कुलाब्याचा किनारा आणि मॅट्रिकचं इंग्रजी

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या व्याख्यानात इंग्रजीच्या पेपरचं काय काम? आंग्र्यांचं आरमार, जंजिरा, चौल, रेवदंडा, एवढं सगळं हाताशी असताना उताऱ्याखालचे प्रश्न कशाला काढायचे? पण या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांचं पुढे काय झालं, कोण गावात राहिला, कोण कारकून झाला, कोण बॅरिस्टर, हे कुठल्याही लढाईपेक्षा त्या एका पेपराने जास्त ठरवलं. आणि त्या पेपरातही सगळ्यात अडचणीचा भाग म्हणजे न वाचलेला उतारा. आजची मुलं त्याला ‘अनसीन पॅसेज’ म्हणतात.

सुरुवात १८५७ पासून करू. त्या साली १८ जुलैला मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, तिकडे उत्तरेत बंड चालू असताना. दोन वर्षांनी, १८५९ मध्ये, पहिली मॅट्रिक झाली. शंभराच्या वर मुलं बसली आणि पास झाली ती वीस-बावीस. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आपण नावं घेतो ती या वीस-बावीसांतली. बाकीच्या शंभरांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. तेही हुशारच असणार, नाहीतर तिथवर पोचले नसते.

मॅट्रिक म्हणजे शाळा संपल्याचा दाखला नव्हे. ती कॉलेजची प्रवेश परीक्षा होती, ‘एन्ट्रन्स’. हे लक्षात ठेवा, कारण त्यामुळेच सगळा जोर इंग्रजीवर. कॉलेज इंग्रजीत चालणार, तेव्हा मुलाला इंग्रजी वाचून समजतं का हे आधी बघायचं. मुंबईच्या मुलाला निदान दुकानांच्या पाट्या इंग्रजीत दिसत, गोरा साहेब बोलताना ऐकू येई. नागाव, रोहा, पेण, महाडच्या मुलाला इंग्रजी भेटायचं ते फक्त पुस्तकात. मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली, अशा सात इयत्ता चढल्या की मॅट्रिक. वरच्या वर्गांत इतिहास-भूगोलसुद्धा इंग्रजीतून.

मग तो मुलगा उतारा समजून घ्यायचा कसा? तर मराठीतून. दुसरा रस्ता नव्हताच.

इथे जरा आडवळणाला जातो. परकी भाषा मराठीच्या खांद्यावर बसून शिकायची ही या किनाऱ्याची रीत इंग्रजीच्याही बाहेरची आहे. आपल्याकडचे बेने इस्रायली बघा, अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातले, घरी अस्सल मराठी बोलणारे. जॉन विल्सनने १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण लिहिलं ते मराठीत. वल्हांडणाच्या सणाला वाचतात ती हगादा १८४६ मध्ये मराठी अर्थासह मुंबईत छापली गेली. अमेरिकन मिशनच्या शाळांत यांच्यातलेच मास्तर होते. म्हणजे अक्षर वाचता येणं वेगळं आणि अर्थ कळणं वेगळं, ही गोष्ट इथल्या लोकांना मॅट्रिकच्या आधीपासून माहीत होती.

असो. इंग्रजीकडे येऊ.

तुमच्यापैकी वयस्कर मंडळींना तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवत असेल. एक नियम, खाली दहा-पंधरा वाक्यं, त्यांचं मराठी करा, मग मराठीचं इंग्रजी करा. कंटाळवाणं? हो. पण त्यामागे एक पक्कं गणित होतं. इंग्रजीत क्रियापद कर्त्याला चिकटून येतं, मराठीत ते वाक्याच्या शेपटीला. म्हणून मुलाने आधी क्रियापद शोधायचं, त्याच्याखाली रेघ मारायची, मग कर्ता, मग कर्म. ‘द मॅन हू सोल्ड द बोट’ असं आलं की मनात ‘ज्या माणसाने होडी विकली तो’ असा जो-तोचा सांधा जुळवायचा. लांबलचक वाक्याचे तुकडे पाडून ते मराठीच्या क्रमाने परत मांडायचे. ही खरी आकलनाची तालीम होती. आज तिला जुनाट म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्या मुलाच्या कानावर इंग्रजी पडतच नाही, त्याला वाक्याची हाडं मोजायला शिकवणं हा प्रामाणिक उपाय होता.

दुसरा उपाय अप्रामाणिक होता, आणि तोही सगळ्यांना येत होता. आत्ता करून बघू. मी एक वाक्य सांगतो: ‘दुपारी धोंडूने टिंबुरा खाडीत फडकवला.’ प्रश्न पहिला, टिंबुरा कुणी फडकवला? बरोबर, धोंडूने. कुठे? खाडीत. केव्हा? दुपारी. पैकीच्या पैकी मार्क! आता टिंबुरा म्हणजे काय ते सांगा. मलाही माहीत नाही, मी तो शब्द आत्ता बनवला.

हसू नका, लाखो मुलं अशी पास झाली आहेत. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि त्याच्या आजूबाजूचं वाक्य उचलून लिहायचं. परीक्षक फसतो असंही नाही. त्याच्यापुढे गठ्ठा असतो.

विद्यापीठांना हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. लॉर्ड कर्झनने १९०२ मध्ये विद्यापीठ आयोग नेमला. आयोगाचं मुख्य दुखणं हेच, की शिकवणं परीक्षेच्या दावणीला बांधलं गेलंय. इंग्रजीचं पाठ्यपुस्तक नेमलं की मुलं ते पाठ करतात, बाजारात त्याच्या ‘की’ निघतात, मूळ पुस्तक बाजूलाच. म्हणून आयोगाचं म्हणणं पडलं की प्रवेश परीक्षेला इंग्रजीचं पाठ्यपुस्तक नेमूच नये. मूल जे कधी वाचलेलं नाही तेच पुढे ठेवावं, मग पाठ काय करणार?

सुधारणा म्हणून बघाल तर नाव ठेवायला जागा नाही. पण रोह्याच्या मास्तरांच्या बाजूने बघा. नेमलेलं पुस्तक असतं तेव्हा गरीब मुलाकडे आणि वकिलाच्या मुलाकडे तेच पुस्तक असतं. पुस्तक काढून घेतलं की उरतं काय? घरात किती इंग्रजी पुस्तकं आहेत, वर्तमानपत्र येतं का, बाहेरचं जग किती पाहिलंय. उतारा आगगाडीवर आला तर? मुंबई-ठाणे गाडी १८५३ ला सुरू झाली, आणि अलिबागला प्रवासी गाडी आजही नाही. उताऱ्यात शेकोटीजवळ बसलेली आजी, कुंपणाकडेची रानफुलं, बर्फ. इकडच्या पोराला भरती-ओहोटी, नांगर, शीड, खाजण, मिठागर यांतलं बारीकसारीक ठाऊक. त्याला ‘टाइड’ आणि ‘अँकर’ हे शब्द एका दिवसात आले असते, कारण वस्तू त्याच्या रोजच्या होत्या. पण उतारे काढणारा माणूस नांगर टाकून बसणाऱ्यांतला नव्हता. उतारा फक्त भाषा तपासत नाही, मुलगा कुठे वाढला तेही तपासतो. माझा या विषयातला एवढाच मुद्दा आहे.

आता एक गंमत सांगतो, आणि ही आपल्याच जिल्ह्याची. ११ सप्टेंबर १८९५ ला पेण तालुक्यात गागोद्याला विनायक नरहरी भावे जन्मले, म्हणजे विनोबा. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ ला, महाडजवळ नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. देशमुखांचे वडील रोह्याला वकील. १९१२ च्या मॅट्रिकला हा मुलगा अख्ख्या मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच. पुढे केंब्रिज, १९१८ ला आयसीएसमध्येही पहिला, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. विनोबा बडोद्याला शिकले, मॅट्रिक तेही झाले. आणि १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले ते मध्येच सुरतेला उतरून काशीला गेले. त्याआधी दाखले चुलीत घातले होते, आईसमोर. एकाच जिल्ह्यातले, एकाच वयाचे, एकच परीक्षा. एकाने तिच्या शिडीवरून शिखर गाठलं, दुसऱ्याने शिडीच जाळली. आणि जाळणाऱ्याने पुढे आयुष्यभर भाषा शिकणं सोडलं नाही.

या दोघांच्या शेजारी तिसरं नाव ठेवायला हवं. त्यांचा जन्म इकडचा नाही, पण महाडचं चवदार तळं म्हटलं की ते आपलेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. त्यांना संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. पाचच वर्षांनी त्याच परीक्षेत देशमुखांना संस्कृतची शिष्यवृत्ती मिळते. देशमुखांच्या बुद्धीला यात कुणी उणं म्हणत नाही. मी बघतोय तो पेपर. संस्कृतच्या पेपरला दारावर पहारा होता. इंग्रजीच्या पेपरला निदान तसा पहारा नव्हता, ती कुणाच्याच बापजाद्यांची भाषा नव्हती. म्हणून मघाशी उताऱ्याबद्दल जे बोललो त्याची ही दुसरी बाजू: आगगाडी न पाहिलेल्या मुलाला तो अवघड होता, पण जातीने बाहेर ठेवलेल्या मुलाला तोच एक उघडा दरवाजा होता. दोन्ही एकदम खरं आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात उच्च शिक्षणावरच्या खर्चाला त्यांचा विरोध आहे, प्राथमिक शाळा मागितल्यात; पण घरी अभ्यास करून एन्ट्रन्सला बसता येतं याबद्दल मात्र समाधान व्यक्त केलंय, आणि वरच्या परीक्षांनाही तशी सोय द्या म्हटलंय. शाळेत जागा नसलेल्याला निदान परीक्षेच्या हॉलमध्ये जागा असावी, असा त्याचा अर्थ.

आणि मराठीचं काय झालं? १८६० च्या दशकात विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकल्या. त्या परत आणायला रानडे उतारवयापर्यंत भांडत राहिले, एम.ए.ला मराठीचा शिरकाव झाला तो १९०१ मध्ये, त्यांच्या निधनाच्या सुमारास. पण गंमत अशी की मराठी पेपरातून गेली तरी अभ्यासातून गेली नाही. प्रत्येक उतारा मनात मराठी होऊनच पार पडत होता. त्या भाषांतराच्या वह्यांतून एक अख्खी पिढी मराठी गद्य लिहायला शिकली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९० च्या दशकात ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं ते उगाच नाही. आपल्या शाळा-कॉलेजच्या शिक्षणावर त्यांनी पुढे जे लिहिलं ते जरूर वाचा. मास्तरांची फार खरडपट्टी आहे, थोडी जास्तच.

हे सगळं आपल्यापुरतंच समजू नका. इंग्रजांनी १८५० च्या दशकात नोकऱ्यांसाठी खुल्या परीक्षा आणल्या तेव्हा ब्रिटनमधल्या वादात दाखला दिला जायचा तो चीनच्या परीक्षांचा. चीनने आपली ती जुनी परीक्षा १९०५ मध्ये बंद केली. नंतरची त्यांची कॉलेज प्रवेश परीक्षा, गाओकाओ, सांस्कृतिक क्रांतीत बंद पडली ती १९७७ च्या डिसेंबरात परत सुरू झाली. सुमारे ५७ लाख बसले, जागा तीन लाखांच्याही आत. आज तिथे बहुतेक ठिकाणी साडेसातशेपैकी दीडशे मार्क इंग्रजीला, आणि त्यातला मोठा वाटा उताऱ्यांना. ज्या देशावर इंग्रजांचं राज्य कधी आलंच नाही, तिथल्या डोंगरातल्या शेतकऱ्याची मुलगीही इंग्रजी उताऱ्याखालचे चार पर्याय तपासत बसते. तेव्हा सगळं खापर मेकॉलेवर फोडून भागत नाही.

आपल्याकडे १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एसएससी आली. बाळासाहेब खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवली. हेतू चांगला, मुलांवरचा भार हलका करायचा. पण कॉलेज इंग्रजीतच राहिलं. सात वर्षांची चढण चार वर्षांत आली, आणि ज्यांना परवडत होतं त्यांनी मुलांना इंग्रजी शाळेत घातलं. कॉलेजातली मुलं इंग्रजी पुस्तक वाचू शकत नाहीत ही ओरड इतकी वाढली की विद्यापीठ अनुदान आयोगाने कुंझरू समिती नेमली. तिचा अहवाल १९५७ मध्ये आला तेव्हा आयोगाचे अध्यक्ष कोण होते? चिंतामणराव देशमुख. रोह्याचेच. पुढे इंग्रजी पाचवीपासून आली, आणि २००० साली पहिलीपासून. दहावीच्या पेपरात न पाहिलेला उतारा अजून आहे, आणि बाजारात अपेक्षित प्रश्नसंचही आहेत. न पाहिलेल्या उताऱ्याचे अपेक्षित प्रश्न!

माझी एक विनंती आहे. तुमच्या आजोबा-पणजोबांच्या भाषांतराच्या वह्या, जुने मॅट्रिकचे पेपर, समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेली इंग्रजी पुस्तकं घरात कुठे माळ्यावर असतील, तर रद्दीत घालू नका. मोबाईलवर फोटो काढा आणि गावच्या वाचनालयात दाखवा. कुठल्या शब्दाखाली रेघ आहे आणि कुठल्या शब्दाला अर्थच लिहिलेला नाही, हे मला बघायचंय. आता प्रश्न असतील तर घेऊ.