यूके बायोबँक : क्लाउडमधील विदेचे नियमन

ब्रिटनमधील दीर्घकालीन आरोग्य-अभ्यासाचा विदासंग्रह. 2006 ते 2010 या काळात 40 ते 69 वयोगटातील सुमारे 5 लाख स्वयंसेवकांनी रक्त-लघवीचे नमुने दिले आणि आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्यास संमती दिली. नाव-पत्ता वगळलेली ही विदा जगभरच्या संशोधकांना अर्जाची छाननी, शुल्क आणि करारानंतर मिळते. आरंभी ते तिच्या प्रती आपल्या संगणकांवर उतरवून घेत. बाहेर गेलेल्या प्रतीवर नजर ठेवणे जवळजवळ अशक्य, आणि संपूर्ण जनुकसंचांचा पसारा तर उतरवून घेण्याजोगाही नव्हता. म्हणून 2021 मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडवर डीएनएनेक्सस कंपनीने उभारलेला विश्लेषणमंच सुरू झाला : विदा जागेवर राहते, संशोधक तिच्याकडे येतो.

तरीही जनुकीय माहिती पुरती निनावी करता येत नाही. त्यामुळे कोणाचीही ओळख शोधून काढणार नाही, हे संशोधकाचे करारबद्ध वचन तांत्रिक कुलपाइतकेच महत्त्वाचे ठरते. सहभागी व्यक्ती कारण न देता कधीही माघार घेऊ शकते. झालेल्या संशोधनातून मात्र तिची माहिती वेगळी काढता येत नाही. विमा क्षेत्रातील कंपन्यांना विदा दिल्यावरून 2023 मध्ये वृत्तपत्रांतून टीका झाली. विदा आरोग्यविषयक संशोधनासाठीच दिली, असा यूके बायोबँकचा खुलासा होता.