मिस्सा आणि कुमगार : एका उपासनेचा इतिहास

गोव्यात राहणाऱ्या हिंदू माणसाला शेजारच्या ख्रिस्ती घरातील लग्नाचे निमंत्रण नवे नसते. चर्चमध्ये तो मागील बाकावर आदराने बसतो. परंतु मंडळी वेदीकडे रांगेने निघाली की आपण उठावे की बसून राहावे, हे त्याला उमगत नाही. ‘हा त्यांचा प्रसाद’, असे कोणीतरी हळूच सांगते. मीही पुष्कळ वर्षे एवढ्यावरच समाधान मानले होते. पुढे एकदा ‘ख्रिस्तपुराण’ शिकवीत असताना वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, प्रसाद असेल तर तो सर्वांना का देत नाहीत?’ त्या प्रश्नाने मला इतिहासाकडे वळविले.

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांसह भोजन केले, भाकर मोडून व द्राक्षारसाचा प्याला देऊन ‘हे माझे शरीर, हे माझे रक्त’ असे म्हटले आणि आपल्या स्मरणार्थ तसेच करीत राहण्यास सांगितले. संत पौलाने करिंथकरांना सन ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात ही हकीकत येते. सन १५५ च्या सुमारास जस्टिन या तत्त्वज्ञाने रोमन सम्राटास उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात रविवारच्या सभेचे वर्णन आहे : धर्मग्रंथांचे वाचन, प्रवचन, प्रार्थना, मग भाकर व द्राक्षारस यांवर आभारप्रार्थना आणि उपस्थित सर्वांचे ग्रहण. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी तो अंश पोहोचविला जाई, आणि गोळा झालेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी व बंदिवान यांची तरतूद होई. आजच्या मिस्सेचा सांगाडा तोच आहे. या सभेचे मोल प्राणाइतके मानले जाई. डायोक्लीशनच्या छळकाळात, सन ३०४ मध्ये, आजच्या ट्युनिशियातील अबितिना गावचे ख्रिस्ती बंदी मोडून एकत्र जमले म्हणून पकडले गेले. रविवारच्या या विधीवाचून आम्हांला राहता येत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी न्यायासनापुढे दिले.

म्हणजे आरंभी मिस्सेला जाणे आणि कुमगार घेणे या दोन गोष्टी नव्हत्याच. त्या वेगळ्या झाल्या त्या भक्तीच्याच अतिरेकाने. भाकरीत साक्षात ख्रिस्त आहे, तर आपल्यासारख्या पापी माणसाने त्यास स्पर्श कसा करावा, हे भय मध्ययुगात वाढत गेले. लोक दर रविवारी येत, पाद्रीने उंच धरलेल्या ओस्तीचे दर्शन घेत आणि परतत. अखेर १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेला, निदान वर्षातून एकदा, ईस्टरच्या सुमारास, कुमगार घ्यावाच असा नियम करावा लागला. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये ख्रिस्ताच्या खऱ्या उपस्थितीचा सिद्धान्त पुन्हा सांगितला आणि १५६२ मध्ये, मिस्सेस आलेल्यांनी ग्रहणही करावे, अशी इच्छा व्यक्त केली. परंतु ती रूढ होण्यास विसावे शतक उजाडले. पोप दहावे पायस यांनी १९०५ मध्ये वारंवार, शक्य तर रोज, कुमगार घेण्यास उत्तेजन दिले आणि १९१० मध्ये सुमारे सात वर्षांच्या मुलांनाही तो खुला केला. कुमगार हे पुण्यवंताला मिळणारे बक्षीस नसून दुर्बळाचे औषध आहे, ही जुनी दृष्टी अशा रीतीने परत आली.

भाषेची भिंत मात्र उभीच होती. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. तेव्हा वेदीवरील मिस्सा लॅटिनमध्ये चाले. पण तिच्या मुळाशी असलेली कथा नवख्रिस्ती श्रोता मराठी ओवीतून ऐके. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाट मोकळी केल्यानंतर मिस्साच गोव्यात कोंकणीतून आणि वसईत मराठीतून होऊ लागली.

आता त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. प्रसाद म्हणजे देवाला दाखविलेल्या नैवेद्यातून भक्ताला मिळणारा अंश. तो कोणालाही देता येतो. येथील श्रद्धा निराळी आहे. भाकर व द्राक्षारस ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, त्याचे वधस्तंभावरील एकमेव बलिदान त्या वेदीवर पुन्हा सन्मुख होते, आणि ते ग्रहण करणारे सारे एकाच देहाचे अवयव ठरतात, असे कॅथलिक मानतो. म्हणूनच तो घरी प्रार्थना करूनही रविवारी मिस्सेला जातो. एकट्याने बसून जेवणाची पंगत होत नाही. म्हणूनच मोठे पाप घडले असेल तर आधी कुमसार, म्हणजे पापकबुली, करतो. आणि म्हणूनच ज्याने ती श्रद्धा स्वीकारलेली नाही त्याला रांगेत बोलावले जात नाही. त्यात अवमान नाही. त्या घासाबरोबर जी बांधिलकी येते ती पाहुण्यावर लादायची नाही, एवढेच.

अलीकडे अशा लग्नाला गेलो की मी मागील बाकावर निःसंकोच बसून राहतो. शेजाऱ्याच्या पंगतीत आपले पान नसले, तरी ती कशाची पंगत आहे हे ठाऊक असणे हाही शेजारधर्मच आहे. आणि तो शिकविण्याचे काम ग्रंथालयांनीही केले आहे.